स्पीच टीचर सर्टिफिकेशन आणि बेसबॉलचे सिनेमे: कम्युनिकेशनला नव्याने आलेल्यांनी रिसर्च कुठून सुरू करायचा

अमेरिकेत कम्युनिकेशनमध्ये एमए नाहीतर पीएचडीला आलेल्या आपल्या मुलामुलींचे दर फॉल सेमिस्टरला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला असा की टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून पब्लिक स्पीकिंग शिकवायला लावलंय आणि सोबतच्या सेमिनारमध्ये शाळेतल्या स्पीच शिक्षकांच्या सर्टिफिकेशनवर लिटरेचर रिव्ह्यू मागितलाय, ते शोधायचं कुठे? दुसरा असा की रेटरिकल क्रिटिसिझमच्या (भाषण किंवा सिनेमा लोकांना कसं पटवतो याची चिकित्सा) क्लासला बेसबॉलचे सिनेमे लावलेत आणि बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आता पेपर कसा लिहू? मी या दोन्हीतून गेलेय, आणि दोन्ही एकाच सेमिस्टरला करताना लक्षात आलं की हे विषय वाटतात तेवढे लांबचे नाहीत. चार लोकांसमोर उभं राहून बोलणं म्हणजे काय, ते कोणी शिकवायचं आणि 'चांगलं भाषण' कशाला म्हणायचं, हा सर्टिफिकेशनच्या वादाचा गाभा आहे. आणि बेसबॉलच्या सिनेमात मोक्याच्या क्षणी कोणीतरी भाषण करतंच करतं. म्हणून दोन्हीचं एकत्र लिहितेय, तुम्हाला एकच हवं असेल तर तेवढ्याच पायऱ्या वाचा.

आधी जवळ काय काय हवं

- युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचं लॉगिन आणि इंटरलायब्ररी लोनचं अकाउंट (पहिल्याच आठवड्यात उघडून ठेवा, फुकट असतं)
- एरिक हा शिक्षणविषयक डेटाबेस, अमेरिकन सरकारचा आहे, भारतात बसूनही चालतो, पैसे लागत नाहीत
- झोटेरो, म्हणजे संदर्भ नीट जमा होतात
- सिनेमाची अशी कॉपी जी थांबवून, मागे नेऊन बघता येईल, शक्यतो लायब्ररीची डीव्हीडी, कारण स्ट्रीमिंगवरचा सिनेमा सेमिस्टरच्या मध्येच गायब होऊ शकतो
- एक स्प्रेडशीट, त्याचं काम तिसऱ्या आणि सहाव्या पायरीला आहे
- क्लासला संदर्भ द्यायची कुठली स्टाईल चालते ते विचारून घ्या. एपीए बऱ्याच ठिकाणी, पण रेटरिकवाले प्राध्यापक शिकागो किंवा एमएलए मागतात

१. आपलं डिपार्टमेंट कुठून आलं ते आधी समजून घ्या

आपण रानडे इन्स्टिट्यूटमधून किंवा मुंबईच्या बीएमएममधून येतो तेव्हा कम्युनिकेशन म्हटलं की पत्रकारिता, जाहिरात, मास मीडिया हेच डोक्यात असतं. अमेरिकेत बऱ्याच कम्युनिकेशन डिपार्टमेंटचं मूळ वेगळं आहे, ते आहे भाषण शिकवण्यात. १९१४ मध्ये पब्लिक स्पीकिंग शिकवणारे १७ शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं, बोलणं शिकवणं ही इंग्रजीच्या तासाची शेपटी नाही, तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याला स्वतंत्र शिक्षक लागतो. सर्टिफिकेशनचा सगळा वाद इथूनच सुरू होतो, हे एकदा धरलं की पुढचे पन्नास-साठ वर्षांचे लेख कशासाठी भांडतायत ते पटापट कळायला लागतं.

ही संघटना म्हणजेच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन, एनसीए. पण मधे तिची नावं बदलत गेली: १९४६ पासून स्पीच असोसिएशन ऑफ अमेरिका, १९७० पासून स्पीच कम्युनिकेशन असोसिएशन, आणि १९९७ ला आत्ताचं नाव. म्हणजे 'स्पीच' आधी एकटं होतं, मग जोडीला 'कम्युनिकेशन' आलं, मग 'स्पीच' गेलं. हे पाठच करून टाका, कारण सर्च करताना दशकानुसार शब्द बदलावा लागतो आणि तिथेच बहुतेक जण अडकतात.

२. जर्नलची जुनी नावं लिहून भिंतीवर चिकटवा

जर्नलांचंही तेच झालंय. तुम्हाला सगळ्यात जास्त लागणार ते 'द स्पीच टीचर', १९५२ ला सुरू झालेलं. १९७६ पासून तेच 'कम्युनिकेशन एज्युकेशन' या नावाने निघतं. त्याच वर्षी 'स्पीच मोनोग्राफ्स'चं 'कम्युनिकेशन मोनोग्राफ्स' झालं आणि पूर्वेकडच्या संघटनेचं 'टुडेज स्पीच' हे 'कम्युनिकेशन क्वार्टरली' झालं. 'सेंट्रल स्टेट्स स्पीच जर्नल' आता 'कम्युनिकेशन स्टडीज' आहे. 'क्वार्टरली जर्नल ऑफ स्पीच' मात्र १९१५ पासून चालू आहे, सुरुवातीला नाव थोडं वेगळं होतं इतकंच.

याचा व्यवहारात अर्थ काय, तर लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये 'कम्युनिकेशन एज्युकेशन' टाकलंत आणि १९७६ पासूनचेच अंक दिसले तर आधीचे नाहीत असं समजू नका, ते जुन्या नावाखाली वेगळी नोंद म्हणून असतात. टेलर अँड फ्रान्सिसच्या साईटवर जुने अंक आजच्या नावाखालीच लावलेले सापडतात, पण संदर्भ देताना लेख छापला तेव्हाचं नाव द्यायचं. १९५८ चा लेख 'कम्युनिकेशन एज्युकेशन'मध्ये आला असं लिहिलंत तर प्राध्यापक तिथेच लाल पेन काढतील.

छापून ९५ वर्षं उलटलेलं जे काही आहे ते अमेरिकेत कॉपीराइटमधून बाहेर पडलेलं असतं, त्यामुळे अगदी सुरुवातीचे अंक हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्हवर पूर्ण वाचायला मिळतात. १९१५ च्या आसपासचे लेख एकदा वाचाच, त्या लोकांची तळमळ बघून आपल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये मुलांना तयार करणाऱ्या शिक्षकांची आठवण येते. आपल्याकडेही तो शिक्षक बहुतेक वेळा मराठीचा असतो, आवड म्हणून करतो आणि त्यासाठी त्याच्याकडे वेगळा कागद कोणी मागत नाही. अमेरिकेत तो कागद असावा की नसावा यावरच एवढं लिहून ठेवलंय.

३. सर्टिफिकेशनचं लिटरेचर शोधणं

इथे सापळे भरपूर आहेत, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिला सापळा, 'स्पीच' म्हटलं की वाचा-उपचारवाले येतात. सर्चमध्ये स्पीच आणि सर्टिफिकेशन हे दोन शब्द टाकले की स्पीच थेरपिस्टच्या परवान्यांबद्दलचे ढीगभर निकाल येतात. तो पूर्ण वेगळा व्यवसाय आहे, त्यांची संघटना आशा (एएसएचए), त्यांचं सर्टिफिकेट वेगळं. पण गंमत म्हणजे मूळ घर एकच होतं, १९२५ मध्ये स्पीच शिक्षकांच्या संघटनेतलेच काही जण तोतरेपणा वगैरेवर काम करण्यासाठी वेगळे झाले. त्यामुळे जुन्या लेखांमध्ये एकाच शिक्षकाने डिबेट, नाटक, रेडिओ, वाचिक अभिनय आणि उच्चार सुधारणा असं सगळं करावं अशी अपेक्षा दिसते. सर्च करताना थेरपी, पॅथॉलॉजी, करेक्शन हे शब्द वगळा, पण १९५० च्या आधीच्या लेखांना ही चाळणी लावू नका, कामाचं बरंच गळून जाईल.

दुसरा, अमेरिकेत शिक्षकांचं सर्टिफिकेट देशाचं नसतं, राज्याचं असतं. 'अमेरिकेत स्पीच शिक्षकाला अमुक लागतं' असं वाक्यच चुकीचं आहे. काही राज्यांत स्पीचचं स्वतंत्र सर्टिफिकेट आहे, काहींत इंग्रजीच्या सर्टिफिकेटवर स्पीचचं एंडॉर्समेंट म्हणजे जोड मिळते, काहींत तो विषय इंग्रजीतच मिसळलेला आहे. टेक्सासमध्ये सातवी ते बारावीच्या स्पीचसाठी राज्याची स्वतंत्र परीक्षा आहे, त्यामुळे उदाहरण म्हणून ते राज्य घेतलं तर नवख्या माणसाला सोपं जातं.

तिसरा सापळा क्रेडिटच्या आकड्यांचा, आणि हा सगळ्यात वाईट कारण तो दिसतच नाही. जुन्या राज्यवार सर्वेक्षणांमध्ये 'इतके तास' असं असतं, ते सेमिस्टर अवर्स आहेत की क्वार्टर अवर्स (क्वार्टर म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटं सत्र) ते बघा. ३ क्वार्टर अवर्स म्हणजे २ सेमिस्टर अवर्स. एका राज्यात १८ आणि दुसऱ्यात १२ दिसले म्हणून पहिलं राज्य कडक, असं लिहून मोकळं होऊ नका, दोन्ही सारखेच असू शकतात. स्प्रेडशीट यासाठीच करायची: राज्य, वर्ष, स्वतंत्र सर्टिफिकेट की एंडॉर्समेंट, तास, तासांचा प्रकार, आणि आकडा लेखकाने स्वतः राज्याच्या नियमांतून घेतला की दुसऱ्या लेखावरून. शेवटचा कॉलम भरताना कळतं की बरेच आकडे एकमेकांवरून उतरवलेले आहेत.

एरिक कसं वापरायचं ते थोडक्यात. ईडी ने सुरू होणारे नंबर म्हणजे डॉक्युमेंट्स, यातले बरेच पूर्ण पीडीएफ मिळतात. ईजे म्हणजे जर्नलमधले लेख, तिथे बहुतेक वेळा फक्त सारांश. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे १९७० आणि ८० च्या दशकात स्पीच कम्युनिकेशन असोसिएशनच्या अधिवेशनात वाचलेले बरेच पेपर ईडी खाली पडलेले आहेत, जे पुढे कुठल्याच जर्नलमध्ये आले नाहीत. टाईपरायटरवरचे, स्कॅन अंधुक, पण सोनं आहे. राज्यपातळीच्या छोट्या संघटनांची जर्नलं ऑनलाईन नसतील तर सरळ इंटरलायब्ररी लोनला टाका, लायब्ररीवाले मनापासून शोधून देतात.

वाचताना काळाचे टप्पे डोक्यात ठेवा. १९५० च्या दशकातली तक्रार अशी की स्पीचचा एकही कोर्स न केलेला इंग्रजीचा शिक्षक स्पीच शिकवतो. १९६३ ला हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी शिक्षकांच्या शिक्षणावरच मोठी टीका केली आणि राज्यांच्या सर्टिफिकेशन पद्धतीवर सगळीकडे चर्चा पेटली, त्याचे पडसाद स्पीचवाल्यांच्या लेखांतही सापडतात. ७० च्या दशकात कॉम्पिटन्सी हा शब्द आला, म्हणजे किती कोर्स केले ते सोडा, शिक्षकाला प्रत्यक्षात काय करता येतं ते सांगा. १९७८ मध्ये शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन मूलभूत कौशल्यांत तोंडी संवादही धरला गेला, मग स्पीचवाल्यांना हुरूप आला की आता तरी वेगळे शिक्षक नेमतील. त्या वर्षांच्या लेखांतली आशा आणि नंतरच्या लेखांतला थकवा शेजारी शेजारी ठेवून वाचा, तुमच्या रिव्ह्यूला कणा मिळेल. नुसती 'अमुकने असं म्हटलं, तमुकने तसं म्हटलं' अशी रांग लावू नका.

४. सर्टिफिकेट स्वतःलाच हवं असेल तर

हे इथे थोडक्यातच, कारण विचारणारे असतात. ज्या राज्यात शिकवायचं त्या राज्याच्या शिक्षण खात्याची साईट हा पहिला आणि शेवटचा शब्द. साधारण लागतं ते असं: पदवी, मान्यताप्राप्त शिक्षक-तयारी प्रोग्रॅम, विषयाची परीक्षा, बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी. आपली डिग्री भारतातली असेल तर ट्रान्सक्रिप्टचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, ते कुठल्या संस्थेचं चालेल याची यादी राज्याकडे असते, यादी न बघता आधीच पैसे भरू नका. युनिव्हर्सिटीत टीए म्हणून पब्लिक स्पीकिंग शिकवायला यातलं काहीही लागत नाही, हे सर्टिफिकेट शाळेसाठी आहे. आणि व्हिसावर काम करायची परवानगी हा प्रश्न पूर्ण वेगळा, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे नोकरी करता येते असं नाही.

५. बेसबॉल: पेपरपुरतं किती यायला हवं

फार नाही. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीमना बॅटिंग, तीन आउट झाले की बाजू बदलते. बेसांमधलं अंतर ९० फूट, पिचरची म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची जागा होम प्लेटपासून (जिथे बॅटर उभा असतो) ६० फूट ६ इंच. फाउल, स्ट्राईक, बॉल, वॉक, सॅक्रिफाईस बंट एवढं समजलं की सिनेमा कळतो. एक खरी मॅच पूर्ण बघा, शक्य असेल तर मायनर लीगची (मेजर लीगच्या खालची पातळी), तिकीट स्वस्त असतं आणि शेजारी बसलेले आजोबा न विचारता सगळं समजावून सांगतात.

आपला खरा अडथळा नियमांचा नसतो, क्रिकेटचा असतो. आपण प्रत्येक गोष्ट क्रिकेटमध्ये बसवून बघतो. होमरन म्हणजे सिक्सर असं मनात धरलं की सिनेमात एका होमरनवर लोक का रडतात ते कळत नाही. तिथे पिचर आणि बॅटर यांच्यातल्या एकेका चेंडूचं द्वंद्व महत्त्वाचं असतं, आणि दहातल्या सात वेळा अपयशी ठरणारा बॅटरही उत्तम मानला जातो. अपयश रोजचं, हे त्या खेळाच्या पोटात आहे आणि सिनेमे त्यावरच उभे राहतात. 'लगान'शी तुलना करायचा मोह होतो, पण पेपरच्या प्रश्नाला खरंच गरज असेल तरच करा.

अजून एक, जुन्या लेखांत बेसबॉलला घड्याळ नाही, तो काळाबाहेरचा खेळ आहे अशी वाक्यं वारंवार येतात. २०२३ पासून मेजर लीगमध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा, आलंय, तेव्हा ते वाक्य आज जसंच्या तसं उचलू नका.

६. सिनेमा निवडणं

एकच घ्या, फार तर दोन. 'बेसबॉल सिनेमातला अमेरिकन ड्रीम' असा विषय घेऊन सात सिनेमे कोंबले की पेपर कथासारांशांची यादी होतो. निवडताना प्रश्न हा विचारा की यात कोणी कोणाला उद्देशून बोलतंय का, आणि ते बोलणं तपासायला बाहेर काही आहे का, म्हणजे खरं भाषण, मूळ कादंबरी, वर्तमानपत्रं.

'द प्राईड ऑफ द यांकीज' (१९४२) सगळ्यात चांगला, त्यावर पुढे वेगळं लिहिलंय. 'द नॅचरल' (१९८४) घ्यायचा तर बर्नार्ड मॅलमूड यांची १९५२ ची कादंबरी वाचलीच पाहिजे, कारण कादंबरीत नायक शेवटी स्ट्राईकआउट (तीन स्ट्राईक होऊन आउट) होतो आणि सिनेमात होमरन मारतो, पेपरचा प्रश्न आयताच मिळतो. 'अ लीग ऑफ देअर ओन' (१९९२) मध्ये १९४३ ते १९५४ चाललेल्या बायकांच्या लीगची गोष्ट आहे. त्यात एक कृष्णवर्णीय बाई मैदानाबाहेर आलेला चेंडू उचलून एवढ्या जोरात परत फेकते की झेलणारीचा हात झिणझिणतो, आणि ती काही न बोलता निघून जाते. या लीगमध्ये कृष्णवर्णीय बायकांना जागा नव्हती हे सिनेमा तेवढ्या काही सेकंदांत सांगतो. ते पुरेसं आहे का यावर पूर्ण पेपर होऊ शकतो.

'फील्ड ऑफ ड्रीम्स' (१९८९) वर कम्युनिकेशनवाल्यांनी बरंच लिहिलंय. रॉजर एडन यांनी ९० च्या दशकात सिनेमावरही लिहिलं आणि आयोवातल्या डायर्सव्हिलला, जिथे शूटिंग झालं तिथे येणाऱ्या लोकांवरही. या सिनेमात अभिनेते जेम्स अर्ल जोन्स यांचं बेसबॉल आणि अमेरिकेच्या भूतकाळाबद्दलचं मोठं भाषण आहे. ऐकायला भारावून टाकणारं आहे, पण बोलणारा माणूस कृष्णवर्णीय आहे आणि ज्या जुन्या खेळाडूंकडे बघत तो बोलतोय त्यांच्या काळात मेजर लीगची दारं त्याच्यासारख्यांना बंद होती, ती उघडली १५ एप्रिल १९४७ ला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरले तेव्हा. सिनेमा याबद्दल गप्प आहे. या गप्प राहण्यावर टीका झालेली आहे, तेव्हा नुसतं 'वर्णभेद लपवलाय' एवढं लिहून भागणार नाही, भाषणाच्या रचनेत ते कसं लपतं ते दाखवावं लागेल.

आपल्याकडचा दुवा हवा असेल तर 'मिलियन डॉलर आर्म' (२०१४) आहे, २००८ च्या भारतातल्या स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या उत्तर प्रदेशच्या दोन मुलांचा, ज्यांना पुढे पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. भारतावरचा सिनेमा म्हणून आपोआप आपल्याला जास्त कळेल असं मात्र धरू नका, तो त्यांना निवडणाऱ्या अमेरिकन एजंटच्या बाजूने सांगितलेला आहे, आणि कोणाच्या तोंडी किती बोलणं आलंय हे स्प्रेडशीटमध्ये मिनिटं लावून मोजा, मगच मत बनवा.

७. सिनेमातलं भाषण खऱ्या भाषणाशेजारी ठेवा

दोन्ही विषय एकत्र येतात ते इथे, आणि मला सगळ्यात जास्त प्रेम आहे तेही याच पायरीवर.

लू गेरिग, न्यूयॉर्क यांकीजचा खेळाडू, सलग २,१३० मॅचेस खेळलेला. १९३९ ला एएलएस या आजाराचं निदान झालं. ४ जुलै १९३९ ला यांकी स्टेडियममध्ये दोन मॅचेसच्या मधल्या वेळात त्याचा सत्कार झाला आणि तो थोडंसं बोलला. त्या भाषणाचं पूर्ण रेकॉर्डिंग आज उपलब्ध नाही, फिल्मवर फक्त काही वाक्यं आहेत, बाकी मजकूर वर्तमानपत्रांवरून आणि नंतर जुळवलेला. तीन वर्षांनी 'द प्राईड ऑफ द यांकीज' हा सिनेमा आला, गॅरी कूपर त्यात गेरिग झाले. आज बहुतेकांच्या कानात जे भाषण आहे ते कूपर यांचं आहे.

आता दोन कॉलम करा. डावीकडे खऱ्या भाषणाचा प्रचलित मजकूर, उजवीकडे सिनेमातला, वाक्य वाक्य समोरासमोर. आपण जगातला सगळ्यात नशीबवान माणूस आहोत असं गेरिग म्हणतो ते वाक्य खऱ्या भाषणात सुरुवातीलाच येतं, अगदी दुसरं वाक्य. सिनेमात ते शेवटी नेलंय. खऱ्या भाषणात तो आधी दावा करतो आणि मग एकेक पुरावा देत जातो की बघा, असे मॅनेजर मिळाले, असे सहकारी, ज्यांना हरवायला आपण जिवाचं रान करायचो त्या न्यूयॉर्क जायंट्सनीही भेट पाठवली, मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसांनी आठवण ठेवली, आई-वडील, बायको, आणि चक्क सासूबाई, ज्या स्वतःच्या मुलीशी झालेल्या कुरबुरीत जावयाची बाजू घेतात. सिनेमात सासूबाई गायब आहेत, जायंट्स गायब आहेत, आणि वाक्यं चढत चढत त्या एका ओळीवर येऊन थांबतात.

पब्लिक स्पीकिंग शिकवत असाल तर हे लगेच ओळखाल. एक आहे आधी मुद्दा मग आधार, दुसरी आहे चढती मांडणी, शेवटी शिखर. 'द स्पीच टीचर'च्या काळातल्या शिक्षकांनी वर्गात हेच शिकवलं, मांडणी बदलली की भाषणाचा माणूस बदलतो. खरा गेरिग आभार मानतोय, शांतपणे पटवून देतोय. सिनेमातला गेरिग निरोप घेतोय. १९४२ म्हणजे अमेरिका युद्धात उतरलेली, हसतमुखाने मरणाला सामोरा जाणारा तरुण प्रेक्षकांना त्या वर्षी कसा दिसला असेल याचा विचार करा, सिनेमाच्या सुरुवातीच्या मजकुरातच सैनिकांचा उल्लेख आहे तोही नोंदवा. इथून तुमचा स्वतःचा युक्तिवाद सुरू होतो.

मग कॅमेरा. कुठल्या वाक्यावर बायको दिसते, कुठे गर्दी, स्पीकरचा प्रतिध्वनी कसा वापरलाय. तिसरा कॉलम जोडा आणि वेळ मिनिट-सेकंदात लिहा. हा तक्ता परिशिष्टात जोडला की परीक्षकांचा अर्धा विरोध तिथेच मावळतो.

८. पद्धतीचं नाव सांगावंच लागतं

'मी सिनेमाचं विश्लेषण केलंय' एवढं चालत नाही. भाषणाचा ऐकणाऱ्यांवरचा परिणाम बघायला सांगणारा हर्बर्ट विचेल्न्स यांचा १९२५ चा निबंध आणि एडविन ब्लॅक यांचं १९६५ चं त्याच परंपरेवरचं टीकात्मक पुस्तक, या दोघांमधला झगडा समजला की भाषणाचा परिणाम मोजायचा की मजकूर आतून वाचायचा हा प्रश्न समजतो. बेसबॉल सिनेमाला वॉल्टर फिशर यांची कथनाची मांडणी (१९८४) पटकन लागू पडते, म्हणून सगळे तीच घेतात, आणि पेपर एकसारखे होतात. गेरिगच्या भाषणासाठी मला साधी, जुनी मांडणीची म्हणजे क्रमाची चिकित्सा जास्त उपयोगी वाटते. बेसबॉल आणि अमेरिकन राजकारण या बाजूने जायचं असेल तर मायकेल बटरवर्थ यांचं काम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खेळाची तथ्यं तपासायला बेसबॉल रेफरन्स आणि रेट्रोशीट, खेळाडूंच्या चरित्रांना सेबर या संस्थेचा चरित्रप्रकल्प, सिनेमाच्या निर्मितीची माहिती एएफआय कॅटलॉगवर, त्या काळची सिनेमाची मासिकं मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत. सगळं फुकट. 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मध्ये शूलेस जो जॅक्सन हा जुना खेळाडू उजव्या हाताने बॅटिंग करतो आणि खरा जॅक्सन डाव्या हाताने बॅटिंग करायचा, अशा चुका मिळतील, पण चूक सापडणं म्हणजे युक्तिवाद नाही. ती चूक का चालून गेली हे सांगता आलं तरच पेपरमध्ये घ्या.

९. लोकांशी बोलायचं असेल तर आधी आयआरबी

निवृत्त स्पीच शिक्षकांच्या मुलाखती किंवा प्रेक्षकांचा सर्व्हे करायची कल्पना छान आहे, पण युनिव्हर्सिटीच्या आयआरबीची (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) मंजुरी मिळायच्या आधी एकही मुलाखत घेऊ नका. आधी घेतलेली मुलाखत नंतर मंजुरी मिळाली तरी वापरता येत नाही. फॉर्म, संमतीपत्राचा नमुना, प्रश्नांची यादी आणि ऑनलाईन ट्रेनिंगचं सर्टिफिकेट एवढं लागतं, आणि सेमिस्टरच्या शेवटी तिथे गर्दी असते. छापील लेख आणि सिनेमे यांना हे काही लागत नाही, म्हणून पहिल्या वर्षी तेच बरं.

१०. पेपर कुठे पाठवायचा

एनसीएचं अधिवेशन नोव्हेंबरात असतं आणि पेपर वसंतातच, साधारण मार्चच्या आसपास मागवले जातात, म्हणजे फॉलमधल्या क्लासचा पेपर हिवाळ्याच्या सुट्टीत नीट करून ठेवायला लागतो. पहिल्यांदा पाठवत असाल तर प्रादेशिक संघटना बघा, ईस्टर्न, सदर्न, सेंट्रल, वेस्टर्न अशा चार आहेत, तिथे विद्यार्थ्यांसाठी वेगळी सत्रं असतात आणि लोक थांबून बोलतात. सर्टिफिकेशनवरच्या पेपरला राज्याची कम्युनिकेशन संघटना सगळ्यात योग्य, कारण ऐकायला त्याच राज्यातले शाळेतले शिक्षक बसलेले असतात आणि तुमच्या तक्त्यातला चुकलेला आकडा तेच दुरुस्त करून देतात. बेसबॉलच्या पेपरला न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेममध्ये १९८९ पासून भरणारा बेसबॉल आणि अमेरिकन संस्कृतीवरचा परिसंवाद आहे, तिथे इतिहासवाले, साहित्यवाले, कम्युनिकेशनवाले सगळे येतात. जर्नलमध्ये पाठवायचं झालं तर 'नाईन' हे बेसबॉलच्या इतिहास आणि संस्कृतीचं जर्नल बघा, प्रोजेक्ट म्यूजवर लायब्ररीच्या लॉगिनने उघडतं. पाठवताना फाईलमधून स्वतःचं नाव काढा, वर्डच्या प्रॉपर्टीजमधलं पण, नाहीतर परीक्षणाला न जाताच परत येतो.